डेटा माझ्याकडे सुरक्षित आहे

२ जून, सकाळी
प्रश्नचिन्हाचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी. तास संपला तरी हिच्या शंका संपायच्या नाहीत, म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. आता स्वतः संशोधक आहे. वस्तीतल्या विहिरींच्या पाण्यात शिसं सापडलंय. लोक म्हणतात, बॅटरीच्या कारखान्यामुळे. कारखाना म्हणतो, शिसं आधीपासूनच होतं. महिनाअखेरीस चौकशी समितीपुढे सुनावणी. कारखान्याच्या आधीचे आकडे फक्त तुमच्याकडे आहेत सर, असं म्हणाली. खरंच आहे. बावीस वर्षं तिथलं पाणी मीच तपासलं.

तिच्या भावाचं बिऱ्हाड तिथेच आहे. त्याची मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नाही, रक्तात शिसं निघालं. ऐकून फार वाईट वाटलं. म्हटलं, निर्धास्त राहा, डेटा माझ्याकडे सुरक्षित आहे.

संकल्प: परवा पाठवणे.

३ जून
हा डेटा आजवर अनेकांनी मागितला. कुणालाही दिला नाही. लोक आयतं घेतात आणि आभारात आपलं नाव चुकीचं छापतात. शिवाय माझा ग्रंथ व्हायचाय. (प्रस्तावना जवळजवळ तयार.)

कपाट उघडलं. एक नाही, तीन बॅकअप: फ्लॉप्या, सीडी आणि जुना कॉम्प्युटर. तिन्ही एकाच कपाटात, म्हणजे शोधाशोध नको. सौ. म्हणाली, कपाटालाच काही झालं तर? हिला नेहमी वाईटच सुचतं.

५ जून
फ्लॉपी घालायला आता कशातच जागा नसते. दुकानदारानं ती हातात धरून आतल्या माणसांना बाहेर बोलावलं. दोघांनी फोटो काढले. माझा नाही, फ्लॉपीचा.

सीडीचे पापुद्रे निघालेत. खोक्यावर मात्र ‘शंभर वर्षं टिकेल’ असं छापलंय. हल्ली कुणाच्या शब्दाला किंमत राहिलेली नाही.

प्रश्नचिन्हाला कळवलं: फॉरमॅटिंगचं काम चालू आहे.

९ जून, दुपारी
जावयांना बोलावलं. ते कॉम्प्युटरवाले. जुनं मशीन सुरू केलं, फाइल सापडली. फाइलला पासवर्ड. चोरी होऊ नये म्हणून मीच घातलेला. आठवेना. आठवण म्हणून खाली लिहिलं होतं, ‘नेहमीचाच’. सौ.नं विचारलं, नेहमीचा म्हणजे कुठला? ते आठवलं असतं तर जावयांना कशाला बोलावलं असतं!

चहा होईपर्यंत जावयांनी पासवर्ड काढून टाकला. आनंद झाला. थोडा अपमानही वाटला.

९ जून, संध्याकाळी
फाइल उघडली! बावीस वर्षं डोळ्यांपुढे. शिशाचे सगळे आकडे जागच्या जागी. डोळे भरून आले.

फक्त विहिरींच्या क्रमांकाच्या रकान्यात तारखा दिसताहेत. किरकोळ बाब. उद्या बघू.

१० जून
किरकोळ नाही.

वस्तीचे मी भाग पाडले होते. ५-३ म्हणजे पाचव्या भागातली तिसरी विहीर, कारखान्याच्या भिंतीला लागून. ३-५ म्हणजे तिसऱ्या भागातली पाचवी, टेकडीवर, शाळेमागे. या दोनच उरल्यात, बाकीच्या बुजल्या. सुटसुटीत पद्धत. पण कॉम्प्युटरला वाटलं, या तारखा आहेत. कॉलेजातलं मशीन आधी दिवस धरायचं, घरचं आधी महिना. मी दोन्हींवर आकडे भरायचो. त्यामुळे ५-३ चं एकीकडे पाच मार्च झालं, दुसरीकडे तीन मे. ३-५ चं नेमकं उलटं. मग दोन्ही फाइली मी एकत्र केल्या.

आता एकच तारीख कधी टेकडीवरची विहीर असते, तर कधी कारखान्याची. जावयांनी विचारलं, कुठली ओळ कुठल्या मशीनवर भरली, हे कुठे लिहिलंय का? म्हटलं, ते मला पाठ होतं. जावई गप्प बसले. मुलगा असता तर बोलला असता.

१२ जून
घाबरायचं कारण नाही. मूळ कागद आहेत! कॉलेजात गेलो. हेडक्लार्क भाऊसाहेब म्हणाले, ते गठ्ठे केव्हाच रद्दीत गेले. आवाज चढवला. म्हटलं, कुणाच्या परवानगीनं? त्यांनी शांतपणे सांगितलं, तुमच्याच. ‘सर्व काही कॉम्प्युटरवर आहे, हा कचरा हलवा’ असं तुम्हीच चार लोकांसमोर म्हणाला होतात.

म्हणालो असेन. पण इतक्या तातडीनं ऐकायची काय गरज होती? बाकीच्या कामांना तर महिने लागतात यांना.

१५ जून
मार्ग सापडला. जुन्या वर्षांत एका विहिरीत शिसं बरंच होतं, दुसरीत जवळजवळ नाही. टेकडीवरच्या विहिरीला तेव्हा शिशाचा जुना पाइप होता, पुढे तो बदलला, असं मला अंधुक आठवतं. म्हणजे जास्त शिशाची ती टेकडीची, कमीची कारखान्याजवळची. कारखाना सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत मात्र जास्त शिशाची ती कारखान्याजवळची. साधा तर्क. अर्ध्या दिवसात सगळ्या ओळी लावून टाकल्या. आलेख असा सुंदर आला की सौ.ला बोलावून दाखवला. ती म्हणाली, छान आहे, पण हा काढलाय की बसवलाय?

पाठवून दिला.

१८ जून
प्रश्नचिन्ह स्वतः घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, सर, जे सिद्ध करायचंय तेच तुम्ही आधी धरून चाललात. मी मातीचे नमुने तपासलेत, तेवढ्यावर थोडंफार तरी उभं राहता येईल. तुम्ही समितीला एवढंच सांगा, की नोंदींची सरमिसळ झाली आहे, खात्रीनं सांगता येत नाही. हात जोडते. आणि खरंच जोडले.

तिला हो म्हटलं.

रात्री विचार केला. बावीस वर्षांनंतर चारचौघांत ‘सांगता येत नाही’ म्हणायचं? तिच्या त्या भाचीसाठी तरी ठाम राहायला हवं.

२७ जून, संध्याकाळी
सुनावणी उत्तम झाली. इस्त्रीचा शर्ट. सर्वांनी शांतपणे ऐकलं. कारखान्याच्या वकिलानं फार नम्रपणे विचारलं, विहिरी कशा ओळखल्या? तर्क समजावला. तो म्हणाला, म्हणजे कारखान्याआधी कमी शिशाची ती कारखान्याजवळची, आणि कारखान्यानंतर जास्त शिशाची तीही कारखान्याजवळची? म्हटलं, बरोबर! इतक्या चटकन विद्यार्थ्यांनाही कळायचं नाही. त्यानं आभार मानले. आणखी काही विचारायचं नाही म्हणाला.

प्रश्नचिन्ह खिडकीबाहेर बघत होती. दमली असावी.

४ जुलै
समितीचा निर्णय आला. आधीची विश्वासार्ह माहिती नाही. माझे आकडे ‘सोयीनुसार लावलेले’. मातीचे नमुने माझ्या विद्यार्थिनीचे, म्हणून त्यांवरही संशय. कारखान्याचा दोष सिद्ध होत नाही. चौकशीपुरता सुरू केलेला स्वच्छ पाण्याचा टँकर बंद.

वकिलानं मला बनवलं. समितीत पाण्यातलं कळणारं कुणी नव्हतं. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना तर...

टँकर बंद. म्हणजे ती मुलगी आजपासून पुन्हा विहिरीचंच पाणी पिणार. जेवण गेलं नाही.

१९ जुलै
प्रश्नचिन्हाचा फोन नाही. मीही केला नाही. जावयांनी इंटरनेटवर दाखवलं. तिनं वस्तीतल्या पाण्याचे नमुने पुन्हा घ्यायला सुरुवात केली आहे. प्रत्येक विहिरीचा फोटो, नेमकी जागा, तारीख, कुठलं यंत्र वापरलं, सगळं उघड. कुणीही बघावं, कुणीही उतरवून घ्यावं. विहिरींना नावं दिलीत: शाळेमागची विहीर, कारखान्याजवळची विहीर. पासवर्ड नाही. पहिली नोंद मागच्या सोमवारची. तिच्या वर एक ओळ आहे: ‘यापूर्वीची माहिती उपलब्ध नाही.’

माझं नाव कुठेच नाही. दोषही दिलेला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

सौ. मागे उभी राहून वाचत होती. तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, की मग बावीस वर्षं दर महिन्याला ऊन नाही, पाऊस नाही, स्कूटर काढून तुम्ही तिथे जायचात, ते कशासाठी?

पाणी आणायला, म्हणालो.