माझ्या आवाजातला निरोप

१६ जून, सोमवार

अमळनेरहून सकाळची गाडी धरली आणि दुपारी गुजरातेत उधन्याला उतरले. पांडेसऱ्यातली खोली बाबांनी फोनवरच ठरवली होती, त्यामुळे धाकधूक होती. पण खोली छान निघाली. तिसरा मजला, मोठी खिडकी, खाली साड्यांच्या गठ्ठ्यांनी वाकलेले टेम्पो. हवेत सतत ओल्या कापडाच्या वाफेचा वास. घरमालकीण धुरपदाबाई शिंदखेड्याच्या. दारात उभी राहिले तर "ये माय" म्हणून आधी हात धुवायला लावले आणि कळण्याची भाकरी पुढे ठेवली. नाव-गाव नंतर विचारलं.

उद्यापासून मराठी शाळेत संगणक शिकवायचा. मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंनी आणखी एक काम सोपवलंय: सहावी ते आठवीच्या मुलांना इंटरनेट जपून वापरायला शिकवायचं. इथे आईबाप गिरणीत नाहीतर मागावर असतात आणि घरातला फोन मुलांच्या हातात. पहिली नोकरी. आज झोप लागेलसं वाटत नाही, आनंदानेच.

२४ जून, मंगळवार

आठवीचा पहिला तास. अनोळखी माणसाशी फोनवर कोण बोलतं, असं विचारलं तर एकही हात वर गेला नाही. गेममध्ये कोण बोलतं, म्हटल्यावर अर्धा वर्ग हसला आणि मग हातच हात. खेळातला मित्र म्हणजे अनोळखी नव्हे, अशी त्यांची समजूत.

चंचल नावाची मुलगी फार आवडली. तरतरीत, प्रश्नावर प्रश्न. मराठीत सुरू केलेलं वाक्य गुजरातीत संपवते. तिची आई इंदुबाई घरी साड्यांवर खडे चिकटवते, वडिलांची रात्रपाळी. फळ्यावर तीनच गोष्टी लिहून दिल्या. फोटो पाठवायचा नाही. ओटीपी सांगायचा नाही. कोणी धमकावलं तर गप्प बसायचं नाही, मोठ्या माणसाला सांगायचं. चंचलने विचारलं, आई रागावली तर? मी म्हटलं, मग मला सांग.

"चालशे, मॅडम," म्हणाली.

४ जुलै, शुक्रवार

पालकांना वाचायला सवड नसते, म्हणून माझ्या आवाजात छोटे निरोप करून पालकांच्या ग्रुपवर टाकते आहे. बारा झाले. इंदुबाई म्हणाल्या, खडे लावता लावता ऐकते, तुमचा आवाज घरातल्यासारखा झालाय. धुरपदाबाई तर शेजारणींना गोळा करून ऐकवतात. प्रमिलाबाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. घरी आईला फोन करून सगळं सांगितलं.

८ जुलै, मंगळवार

मधल्या सुट्टीत सातवीतली स्वाती आली आणि हळूच म्हणाली, काल तुमच्याशी बोलून बरं वाटलं. मी काल तिच्याशी बोलले नव्हते. निरोपाबद्दल म्हणत असेल, असं समजून मान हलवली. आता लिहिताना ते खटकतंय. उद्या विचारते.

९ जुलै, बुधवार

विचारलं. स्वातीने फोन दाखवला.

माझं नाव, माझा फोटो; नंबर मात्र माझा नाही. खाली आवाजातले निरोप. पहिला लावला. मीच बोलत होते. माझा सूर, वाक्याच्या शेवटी "बरं का" म्हणायची माझी सवय. "स्वाती बेटा, मनात काय आहे ते मला सांग. आईला सांगायचं राहिलंय असं काही?"

मी हे कधीही बोललेले नाही.

स्वातीने सगळं सांगून टाकलं होतं. घरी कोण कधी नसतं, कशाची भीती वाटते. मग "मी" तिचा फोटो मागितला होता. तक्रारीसाठी लागतो म्हणून. नशीब, तो तिने अजून पाठवला नव्हता.

ते बारा निरोप. माझा आवाज कोणीतरी तिथूनच उचलला आणि मशीनकडून हवं ते वदवून घेतलं.

लगेच प्रमिलाबाईंना घेऊन पोलिसांकडे गेले. त्यांनी नीट लिहून घेतलं, काही पुसू नका म्हणाले. नंबर परराज्यातला आहे, शोध सुरू करतो, थोडा वेळ लागेल.

१० जुलै, गुरुवार

प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलं: ती मी नाही. माझा खरा नंबर पुन्हा फळ्यावर लिहिला. पालकांच्या ग्रुपवरही टाकलं. नऊ मुली पुढे आल्या. रडल्या, पण बोलल्या.

चंचल आली नाही. दुसऱ्या बाकावर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती, जणू माझ्या बोलण्यात काहीतरी शोधत होती. बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, मला कोणी काही पाठवलं नाही. फोन घरी आहे.

११ जुलै, शुक्रवार

स्वातीने आणलेला नवा निरोप. "ती" सगळ्या मुलींना सांगते आहे: शाळेत मला खोटं बोलावं लागतं. मुख्याध्यापिका ऐकत असतात. मी वर्गात म्हणेन की ती मी नाही. तुम्ही हो म्हणा. खरी मी इथेच आहे.

हा निरोप नऊ तारखेच्या संध्याकाळचा आहे. मी वर्गात बोलण्याच्या आदल्या दिवसाचा.

आता मी काहीही सांगितलं तरी ते तिचंच म्हणणं खरं ठरवणार.

१५ जुलै, मंगळवार

घरी आले तर धुरपदाबाई दारातच उभ्या. म्हणाल्या, उशीर होणार होता ना तुला? दुपारी मीच म्हणे फोन केला. किती वाजता येते, रविवारी कुठे असते, खोलीत एकटीच झोपते ना, असंही बोलण्यात विचारून घेतलं. मी म्हटलं, मी फोन केलाच नाही.

त्या हसल्या नाहीत. "तुनाच आवाज व्हता, माय."

रात्री त्यांनी आपली गादी माझ्या खोलीत आणून टाकली.

१७ जुलै, गुरुवार

आज बोलताना स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. "बरं का" म्हणायचं टाळते आहे. मुलं चमकून बघतात. आवाज बदलला तरी संशय, नाही बदलला तरी संशय.

इंदुबाईंकडे गेले. चंचलचा फोन काढून घ्या म्हटलं. त्यांनी घेतला, कपाटात ठेवला. चंचलने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तीत भीती होती. माझी भीती.

२० जुलै, रविवार

सकाळी पावणेअकरा. इंदुबाईंचा फोन. चंचल पोचली का, म्हणून. कुठे? तर म्हणे काल रात्री मीच त्यांना फोन केला, आवाज माझाच म्हणून नंबर पाहिला नाही — रविवारी अकराला जादा तास, चंचलला फोन देऊन पाठवा, पोलिसांना दाखवायचाय.

आज तास नाही. शाळा बंद आहे.

रिक्षात लिहितेय. पोलिसांना कळवलं, गाडी निघतेय म्हणाले. शाळेचे शिपाई मगनकाकांना फोन लावला — ते शहराच्या पलीकडे, पर्वत पाटियाला मुलीकडे पोचलेत. तुम्हीच सांगितलं ना मॅडम, म्हणाले, गेट उघडं ठेवून जा. 

रिक्षावाला जोरात नेतोय. तरी —

शाळेत.

चंचल सापडली. दुसऱ्या मजल्यावर, संगणकाच्या खोलीत. फोन कानाला. मी दारात उभी आणि ती फोनवर माझंच बोलणं ऐकत होती. मला म्हणाली, "मॅडम तर फोनवर छे. तुम्ही कोण?"

फोन हिसकावून बंद केला. तेवढ्यात खाली मोटारसायकल थांबली. दार लावून आतून कडी घातली. पोलीस फोनवर म्हणाले — दहा मिनिटं. आवाज करू नका. दार उघडू नका.

म्हणून लिहितेय. चंचलला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात.

चंचल, वाच. मी खरी आहे. पोलीस येताहेत. अजिबात बोलू नकोस.

ती कोपऱ्यात गेली. वाचते, पण जवळ येत नाही.

जिन्यावर पाय वाजताहेत. सावकाश. प्रत्येक वर्गाचं दार ढकलून बघतोय.

थांबला. बाहेरच.

माझा आवाज आला — त्याच्या फोनमधून, दाराच्या फटीतून. "चंचल बेटा, मी आले. दार उघड बरं का. आत तुझ्याजवळ आहे ती मी नाही."

चंचल उठली.

चंचल नको. बाहेर नुसता आवाज आहे. माणूस वेगळा आहे.

तिने माझ्या हातून पेन घेतलं. खाली तिचं अक्षर आहे —

खऱ्या असाल तर बोला

बोलले तर त्याला पक्कं कळेल, आपण आत आहोत. बोलले नाही तर ही कडी काढेल.

तिचा हात कडीवर आहे.

बोलले. चंचल, म्हटलं. एवढंच. तिने मागे वळून पाहिलं — डोळे भरलेत — हात थांबला —

आता दारावर धक्का. पुन्हा. आता माझा आवाज नाही, त्याचा स्वतःचा —

चंचल माझ्याकडे आली. माझा दंड धरलाय. दोघींनी मिळून टेबल दाराला लावलंय, कडी वाकतेय, खाली गाडी आली बहुतेक, कोणाची ते —