आधी माणूस, मग दात

३ जून, सोमवार
आजपासून क्लिनिकमध्ये नवा नियम. प्रत्येक पेशंटला पूर्ण एक तास. दातामागे एक अख्खा माणूस असतो, हे समोरच्या बिल्डिंगमधला डॉक्टर विसरला आहे. त्याच्याकडे पेशंट आत जातो काय, लगेच बाहेर येतो काय. केस कापायला गेल्यासारखं. मी दारावर पाटी लावून घेतली: आधी माणूस, मग दात. पेंटरने दात एवढा मोठा काढला की माणूस राहूनच गेला. जागा उरली नाही म्हणाला.

५ जून, बुधवार
रिटायर्ड मास्तरांचं रूट कॅनॉल सुरू केलं. खालची दाढ. तास कसा गेला कळलंच नाही. माझ्या मेहुण्याच्या फ्लॅटची भानगड, माझा गुडघा, सगळे विषय निघाले. पेशंट असा खुलला की समजावं, उपचार लागू पडतोय. दाढ जेमतेम उघडून झाली. वर तात्पुरतं फिलिंग भरून पाठवलं.

१२ जून
मास्तर पुन्हा. तोंडात कापूस आणि सक्शनची नळी असूनही मी घरची विचारपूस केलीच. ‘अं’ म्हणाले. अनुभवी डॉक्टरला ‘अं’चे बारकावे कळतात. हा समाधानाचा होता. घरी सगळं ठीक आहे. दाढेची साफसफाई राहिली. पुढच्या वेळी नक्की.

१४ जून, दुपार
बाहेर बसलेले दोघे न सांगता निघून गेले. असिस्टंट ताई म्हणाल्या, सर, जरा आटोपतं घेत चला. त्यांना म्हटलं, घाई असलेला पेशंट मुळात आपला नव्हेच. त्यावर त्यांनी अपॉइंटमेंटची वही मिटून ठेवली. पटलं असावं.

१९ जून
मास्तरांचा गाल सुजला. गोळ्या लिहून दिल्या. आज दाढेला हात लावायचा नव्हता, त्यामुळे निवांत बोलता आलं. मधे एकदा त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी सवयीने आरसा घातला.

२४ जून
थकलो. पेशंट नसतानाही इतका थकवा येतो, हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. खुर्ची वरखाली करून पाहिली. व्यवस्थित चालते. ताईंनी राजीनामा दिला. कारण विचारायचं ठरवलं होतं, पण मीच बोलत राहिलो आणि त्यांची जायची वेळ झाली.
रात्रीच्या जेवणाला ही म्हणाली, पेशंटला तास देता, मला दहा मिनिटं द्या, जरा बोलायचंय. लगेच दिली. माझं तत्त्व समजावून सांगण्यात ती संपली. तिचं काय होतं ते उद्या विचारीन.
असो. मास्तर आहेत. ते टिकले तर क्लिनिक टिकलं.

२८ जून
माझी अक्कलदाढ ठणकतेय. ही दाढ मला अजून शिल्लक होती, हे ऐकून हिला हसू आलं. स्वतःची दाढ स्वतःला काढता येत नाही. समोरच्याकडे जावं लागणार. त्याची पद्धत जवळून पाहायला मिळेल, एवढाच हेतू.

१ जुलै, सोमवार, संध्याकाळ
दाढ निघाली. त्याने फक्त दुखतंय का विचारलं आणि मी उत्तर देईपर्यंत हात थांबवला. मग तोंडात कापूस देऊन बाहेर बसवलं. शेजारी मास्तर.
मला पाहून अवघडले. मग गुडघा कसा आहे विचारलं, मेहुण्याला फ्लॅटचा ताबा मिळाला का विचारलं. मला काही बोलता येईना, म्हणून तेच बोलत राहिले. त्यांची पत्नी गेल्या वर्षी वारली. मुलगी लांब असते. घरात दिवसभर कोणाचा आवाज नाही. तुमच्याकडे बरं वाटायचं म्हणाले, कोणीतरी सारखं बोलत असायचं.
इतके तास समोर बसवून मला यातलं काहीच माहीत नव्हतं. फार लाज वाटली. मी ‘अं’ म्हटलं.
तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते उठले आणि म्हणाले, डॉक्टर, बोलायला मी येत जाईन तुमच्याकडे. दाढ मात्र इथेच करून घेतो.