राजगडाचा हिरवा

अण्णा,

तुमचा कॉम्प्युटर मी उघडला. तुम्ही असता तर हातावर फटका बसला असता. कीबोर्डातच सगळं यंत्र, मागून टीव्हीला वायर, शेजारी कॅसेट प्लेअर. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाकडून तुम्ही तो बंद पडलेला आणून दुरुस्त केला होता आणि रेडिओ-टीव्हीच्या कामातनं उसंत मिळाली की आपल्या शिवऱ्याच्या घरात त्याच्यापुढं मांडी घालून बसायचात. मला अजून दिसतं. तुम्ही ओठ चावत आकडे टाइप करताय, आई भाकरी थापता थापता हाक मारतेय, आणि तुम्ही 'आलो, आलो' म्हणत जागचे हलत नाही. त्या मशीनवर तुम्ही एकच चित्र काढलंत: पालीचं तिचं माहेर, मागं राजगड, दारात लुगडं नेसलेली आई. आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. "रंगीत टीव्ही आला की तुला खरं चित्र दावतो," असं तिला सांगितलंत आणि टीव्ही यायच्या आधीच गेलात. त्याचा मला कितीतरी वर्षं राग होता, खोटं कशाला बोलू.

आता आईच्या डोळ्यांचं काही खरं नाही. एक गेलाच आहे, दुसऱ्याचं डॉक्टर नीट सांगत नाहीत. तीच म्हणाली, "त्येंचं चित्र एकदा रंगात बघू दे गं, दिसतंय तवर." कापूरहोळला आता मी दुरुस्तीचं दुकान टाकलंय, मोबाईल आणि मिक्सर. तिला आणि तुमच्या मशीनला तिथंच आणलं. चित्र साठवलेली कॅसेट अजून चालली याचंच मला नवल. चित्र दुकानातल्या रंगीत टीव्हीवर आलं. डोंगर लालभडक, आभाळ पिवळं, आईचं लुगडं जांभळं.

"डोंगराला वणवा लागलाय का काय?" आई म्हणाली.

मला उलगडायला जरा वेळ लागला. तुम्ही ते रंग कधी बघितलेच नव्हते. करड्या छटा जुळतील तसे रंगांचे आकडे निवडत गेलात; डोंगर गडद दिसला, आभाळ उजळ दिसलं, झालं. मी आईला हे समजावलं तर म्हणाली, "मग नीट कर की. दुकान कशाला टाकलंय?"

नीट करायला त्या मशीनजवळ रंग तर हवेत. आठच, तेही भडक, आणि पडद्याच्या एका बारक्या चौकोनात दोनच मावायचे. तिसरा टाकला की लुगड्याचा रंग भिंतीवर सांडायचा. मग मी भंगारातला एक व्हिडिओ गेम घेतला, निराळ्याच कंपनीचा. त्याची चित्र काढणारी चिप गरम हवेनं टाके वितळवून उचलली, छोट्या बोर्डावर बसवली आणि तो बोर्ड तुमच्या मशीनच्या मागच्या खाचेत घातला. तुमच्या मूळ बोर्डाला सोल्डर लावलेलं नाही, एवढं तुमचं ऐकलंय. पण तुमचा प्रोग्रॅम नव्या चिपला ओळखेना, म्हणून चित्र ओळीओळीनं पुन्हा लिहावं लागलं. रेषा तुमच्याच ठेवल्या. रंग आईला विचारले.

विचारले म्हणजे काय, तिनं जीव खाल्ला माझा. खुर्ची टीव्हीला भिडवून बसली. "ह्यो हिरवा न्हाई, ह्यो प्लास्टिकचा हाय." दुसरा दिला. "ह्यो बी न्हाई. पाऊस उघडल्यावरचा गड तू बघितलाच न्हाईस व्हय?" गिऱ्हाइकं मोबाईल घेऊन ताटकळलेली आणि मी एका हिरव्यासाठी आकडे बदलतेय. लुगडं मोरपंखी निघालं. ते तुम्ही नसरापूरच्या बाजारातनं आणलं होतं म्हणे. मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

शेवटी सगळं तिच्या मनासारखं झालं. ती बराच वेळ एका डोळ्यानं बघत राहिली. मी विचारलं, "अण्णांनी स्वतःला का गं न्हाई काढलं?"

"ते कशाला असतील त्यात?" ती म्हणाली. "ते हिकडनं माझ्याकडं बघत्यात की."

मी उगाच एक मिक्सरचं भांडं घेऊन पुसत बसले.

हे तिला वाचून दाखवणार नाही. त्याच्या आदल्या दिवशी मी चित्राची वेगळी प्रत करून तुम्हाला दाराशेजारी उभं केलं होतं, पांढरा सदरा, टोपी, बऱ्यापैकी तुमच्यासारखे. तिला अचानक दाखवणार होते. ती एसटीनं घरी गेल्यावर ती प्रत मी पुसून टाकली. लगेच नाही पुसली, अण्णा. शटर ओढायची वेळ होईपर्यंत तुम्हाला तसंच पडद्यावर राहू दिलं.