इंजिनाच्या पोटातलं पाणी

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दर्शनाचा फोन. लेकीचा आवाज ऐकूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. होडीचं इंजिन जाम. काल नारळी पौर्णिमेची पूजा झाली, आज पहिल्यांदा सेल्फ मारला तर टक् करून थांबलं. परत मारला, परत टक्. बॅटरी बदलून मारला, तेच. मग म्हणाली, "पप्पा, काल इंजिनावर नारळ मीच फोडला होता. आता सगळे..."

उरलेलं हिने मासळीबाजारातून आणलं. बायकोला बाजारात पाठवली की मासे कमी आणि बातम्या जास्त. नवरा गेल्यापासून होडी विहीणबाईच चालवतात (पुढे वि.बाई लिहीन, हात दुखतो). नारळाचा मान दरवर्षी त्यांच्या थोरल्या दिरांचा, नामदेवरावांचा. यंदा वि.बाईंनी सगळ्यांदेखत नारळ नव्या सुनेच्या हातात दिला. आणि दुसऱ्या दिवशी इंजिन जाम. म्हणजे झालंच. सुनेचा पायगुण.

डोकं सणकलं. इंजिनाला पायगुण कळतो होय? आयुष्य टेम्पोची डिझेल इंजिनं उघडण्यात गेलं, एकाही पिस्टनवर कुणाचं पाऊल उमटलेलं दिसलं नाही. पण मी पडलो मुलीचा बाप. त्या घरात आवाज चढवायची सोय नाही. लग्नाला अजून वर्ष नाही झालं. हे एकदा चिकटलं की जन्मभर निघत नाही.

उद्या पनवेल बंदरावर जातो. गॅरेज बंद.

१० ऑगस्ट, रवि.

वेळेवर पोचलो म्हणायचं. नामदेवरावांनी पान्याला लांब पाइप लावला होता, दोन गडी लोंबकळायच्या तयारीत. "फिरंल कसा नाय," म्हणे. मी पान्यावर हात ठेवला. म्हटलं, जोर लावलात तर पिस्टनचा रॉड वाकेल, मग खरंच बसा बोंबलत. त्यावर ऐकून घेतलं की टेम्पोवाल्याला दर्यातलं काय कळतं.

दोन सिलिंडरचं इंजिन. हाताने हळू फिरवलं. उलटं सहज जातं. सुलटं येतं आणि एका जागी ठप्प. परत उलटं, परत सुलटं, परत त्याच जागी. पिस्टन चिकटला असता तर कुठल्याच बाजूला हलला नसता. म्हणजे आत पाणी आहे. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो आणि पाण्यावर आपटून थांबतो.

वि.बाई काठावर बसून बघत होत्या. शेवटी विचारलं, मोडलंय का? म्हटलं, बहुतेक नाही. लगेच उठून सगळ्यांना सांगितलं, व्याही सांगतील तोवर इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. नामदेवराव पाइप घेऊन घरी. बाईंचा वचक भारी आहे. मीसुद्धा जरा सरळ उभा राहिलो.

पाणी काढायला डिझेल फवारणारे नोझल उघडावे लागतात, त्यांचा पाना गॅरेजवर राहिला, म्हणून आज एवढंच. पाणी आलं कुठून? भरतीच्या वेळी सायलेन्सरमधून खाडीचं आत शिरलं असेल तर प्रश्नच मिटला. खाडीला कोण बोल लावणार. खाडीचंच निघू दे रे बाबा.

दर्शना चहा घेऊन आली ती काठावरच थांबली. होडीवर पाय ठेवला नाही. कुणी नको म्हटलं का विचारलं. "कुणी नाही म्हटलं. मीच."

११ ऑगस्ट, सोम.

नोझल काढले. जावई फ्लायव्हील फिरवत होता. मागच्या सिलिंडरमधून पाण्याची चिळकांडी उडाली, थेट माझ्या शर्टावर. उरलेलं डब्याच्या झाकणात धरलं. बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट नाही. डिझेलचा वास मारतोय, पण चव आंबूस-गोड.

मान वर करून बघितलं तर हवेच्या पाइपाचं तोंड आभाळाकडे आ वासून. एअर फिल्टर फळीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. नितीनने, म्हणजे जावयाने, पूजेआधी साफ करायला काढला आणि लावायचा विसरला. पाइपावर साधं फडकंही नाही. त्यावर दर्शनाने नारळ फोडून दोन्ही वाट्यांतलं पाणी ओतलं. काढणारा जावई, ओतणारी लेक. मी कुणाचं नाव घ्यायचं?

नामदेवराव वाकून विचारत होते, कसलं पाणी? आजूबाजूच्या होड्यांवरचे सगळे कान टवकारून. माझ्या तोंडून निघून गेलं, खाडीचं. सायलेन्सरमधून आलंय.

वि.बाई काठावरून होडीत उतरल्या. माझ्या हातातलं झाकण घेतलं, बोट बुडवलं, चव घेतली.

"खारीच्या पान्यात जलम गेला माजा, व्याही. यो खारा नाय. नारलाचा हाय."

मी मेल्याहून मेलो. नितीन खाली मान घालून म्हणाला, फिल्टर मीच काढला होता, आई. वि.बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. दिराकडे वळल्या.

"पोरीनं पूजा केली, कराची तशीच केली. इंजिनाचा तोंड उगरा ठेवला माज्या पोरानं. भाऊजी, पायगुन काराचा तर त्याचा कारा."

संपलं. नामदेवराव खोकले, तंबाखू शोधायला लागले. कुणाला वाईट वाटेल, कोण काय म्हणेल, काही नाही. स्वतःच्या पोटच्या पोराचं नाव, चारचौघांत, तेही सुनेसाठी. माझ्यात आहे ही धमक? नाही. आत्ताच तर सगळ्यांनी बघितलं.

निघताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या की लेकीसाठी खोटं बोललात ते कळतं मला, पण माझ्या होडीवर नको.

घरी हिला सांगितलं. ही म्हणते, "आणि तुम्ही या स्थळाला नाक मुरडत होतात." मुरडलं होतं, बाई. आता मुरडायला नाक कुठंय.

१२ ऑगस्ट, मंगळ.

इंजिन पुसून कोरडं केलं, ऑइल बदललं, फिल्टर बसवला. नितीन न सांगता सगळं करतो. पोरगा वाईट नाही, विसरभोळा आहे. एवढी खमकी आई असल्यावर पोराला लक्षात ठेवायची गरजच पडली नसेल.

एक किडा मात्र डोक्यात. पाणी आत असताना सेल्फ किती वेळा मारला यांनी? रॉड वाकला नसेल कशावरून? वाकला तर आखूड होतो, पिस्टन पूर्ण वर येत नाही. सायकलची तार घेतली, नोझलच्या भोकातून एकेका पिस्टनवर टेकवली, दोन्ही पिस्टन किती वर येतात ते ताडून पाहिलं. मागचा जरासा खाली वाटतो. नितीनला सारखेच वाटतात. फरक आहे की माझे डोळे?

वि.बाईंना आहे तसं सांगितलं. म्हणाल्या, चालू करून ऐका.

१३ बुध.

गॅरेजवर टेम्पोवाले दारात. सगळ्यांची बोलणी खाल्ली. दिवसभर कान बंदरावर.

१४ ऑगस्ट, गुरु.

उद्याच्या भरतीला सगळ्या होड्या बाहेर पडणार, त्यामुळे बंदरावर गर्दी. वि.बाईंनी चावी नितीनला न देता दर्शनाला दिली. पोरगी क्षणभर काठावर थांबली, मग उतरली. पहिल्याच सेल्फला इंजिन उठलं. धूर, टाळ्या, शिट्ट्या. नामदेवरावसुद्धा म्हणाले, "झ्याक."

आणि मग मला ऐकू आलं. धडधडीच्या खाली एक बारीक ठोका. मागच्या सिलिंडरला. दुसऱ्या कुणालाच नाही, फक्त मला.

गप्प बसावं वाटलं. आजचा दिवस तरी. पुन्हा इंजिन बिघडलं म्हणजे पुन्हा त्याच जिभा, आणि चावी लेकीच्याच हातात. सगळे इंजिनाकडे बघत होते. वि.बाई माझ्याकडे.

म्हटलं, "विहीणबाई, ठोका आहे. रॉड वाकलेला असेल, नसेलही. सिलिंडरवरचं हेड उघडल्याशिवाय सांगता येणार नाही."

शिट्ट्या थांबल्या. नामदेवरावांनी तोंड उघडलं, पण वि.बाईंनी हात वर केला. सुनेला म्हणाल्या, "तुजा बाप म्हनतो उगराचा. उद्या सगल्या होऱ्या जातील, आपली नाय जानार. चावी तुज्या हातान हाय. बोल."

वाटलं, आता माझ्याकडे बघेल. लहानपणापासून अडलं की माझ्याकडेच बघायची. आज बघितलं नाही. सासूकडे बघत चावी फिरवली, इंजिन बंद केलं.

"उघडू या, आई. उद्या बाहेर जाऊन अडकण्यापेक्षा इथेच बरं."

वि.बाई फक्त "बरा" म्हणाल्या आणि लोकांना घरी पिटाळायला लागल्या. दर्शना फळीवर बसून नितीनला पाने काढून देत होती. मी तिथे आहे हे विसरलीच होती. बरं वाटलं, आणि जरा वाईटही.

उद्या सकाळी हेड उतरवायचं. रॉड सरळ निघतो की वाकडा, देव जाणे.