पाव किलो कणीक

मु. आसनगाव, ता. शहापूर
कार्तिक वद्य तृतीया, सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप बुवांच्या चरणी,
नवसूचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला आता ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसलो. तुमची नात भूमिका कानाशी मोठ्याने वाचून दाखवेल. भूमिका, सावकाश वाच गो, आणि आजोबा मध्येच उठायला लागले तर उठू देऊ नको.

परवा शनिवारी सकाळी मी स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन पाव किलो कणीक आणली. आमच्याकडे तांदळाची भाकरी, गव्हाचं पीठ घरात नसतंच. माधुरी चुलीपुढून म्हणाली, "एवढीशी कणीक? कोणाला चपाती घालताय, मुंगीला?" डबा फळीवर ठेवला आणि खळ्यावर रचलेल्या उडवीतलं भात झोडायला गेलो. दिवसभर माझं लक्ष त्या डब्याकडे होतं.

तुम्ही ओळखलं असेल. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावायला तुम्हीच मला शिकवलंत. मी सोळा वर्षांचा होतो, धसईच्या देवळाच्या ओट्यावर. "कणीक कमी लागली तर पखवाज पोरासारखा बोलतो, जास्त लागली तर म्हाताऱ्यासारखा," असं म्हणाला होतात.

यंदा भात बरं आलंय. रानडुकरांनी एक कोपरा तुडवला, बाकी हाती आलं. तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे ते भूमिकेला कळवायला सांगा.

आता आमच्या पोराचं, साईचं सांगतो. साईनाथची गाणी भूमिकेच्या मोबाइलवर आहेत असं ती म्हणाली होती. दीड वर्षात आठ केली त्याने. पडवीत खाटेवर पडून, छातीवर मोबाइल ठेवून करतो. त्याचं हळदीचं गाणं आता मुरबाडचे बँडवाले वाजवतात. परवा एक वरात आमच्या रस्त्याने तेच वाजवत गेली. साई उशाला टेकून ऐकत होता. म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात घाई करतात लेकाचे." तेवीस वर्षांचा आहे, पण चुकीचा सूर कोणाचा सोडत नाही.

त्याच्या पायाच्या हाडाचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. ते आता छातीत गेलंय, हे मी तुम्हाला कळवलं नव्हतं. गणपतीच्या आधी मुंबईच्या डॉक्टरांनी मला आणि साईला समोर बसवून सांगितलं, औषध आता दुखू नये एवढ्यापुरतं, त्याला घरी न्या, आवडेल ते करू द्या. साईने विचारलं, "किती गाणी होतील?" डॉक्टर म्हणाले, "लगेच बसलास तर बरीच." त्या उत्तराबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

बुवा, माघात तुम्ही सप्ताहाला बोलावलंत तेव्हा मी मनगट लचकल्याचं कळवलं होतं. तुम्ही तेलाची बाटली धाडलीत. माझ्या मनगटाला काहीही झालेलं नव्हतं. तुमचं तेल वाया गेलं नाही, रोज साईच्या पायांना चोळलं. पण मी तुमच्याशी खोटं बोललो.

गेल्या वर्षी ज्येष्ठात साईचं दुखणं कळलं त्याच दिवशी मी विठोबासमोर नवस बोललो होतो. पोरगा पायावर उभा राहून चालेपर्यंत पखवाजाला हात लावणार नाही. दुसरं माझ्याकडे होतं काय सोडायला? घरी येऊन पखवाज खोळीत घातला, खुंटीला टांगला. डब्यातली कणीक कोंबड्यांना टाकली. आई सांगायची, नवस उघड केला की फळत नाही. म्हणून माधुरीलासुद्धा बोललो नाही.

साईला आता नवव्या गाण्याला पखवाज हवा होता. मोबाइलमधला घालून बघितला, म्हणाला, पत्र्याचा डबा वाजतोय. मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी मनगट पुढे केलं.

शुक्रवारी दुपारी पेज पाजत होतो, तेव्हा म्हणाला,
"बाबा, मनगट दुखतंय ना अजून?"
"दुखतंय रे."
"मंग डॉक्टर बोलत व्हता तवा मांडीवर ठेका कोण धरीत व्हता? मी बघत व्हतो. धुमाळी व्हती."
मी चमचा वाटीत ठेवला.
"नवस बोललाव काय?"
मी मान हलवली. कशाचा ते सांगितलं. तो हसला. हसला की खोकला येतो, तो थांबेपर्यंत मी पाठीवर हात ठेवून बसलो.
"मी काय चालत नाय आता," तो म्हणाला. "तुमाला पण ठाव हाय. मंग माझ्या मागं जलमभर हा असाच टांगून ठेवणार? आई भाकऱ्या थापील, तेवढाच आवाज घरात?"

मी देवाला माझी वस्तू दिली असं समजत होतो. ती निम्मी साईची होती, आणि तो ती मागत होता.

काल रविवारी उजाडताच अंघोळ करून देवळात गेलो. नारळ ठेवला. विठोबाला म्हटलं, शब्द मी दिला होता, मीच परत घेतो, राग असेल तर माझ्यावर धर. देवाने काय म्हटलं ते मला ठाऊक नाही. पण येताना पाय हलके होते. मी भीत नव्हतो.

पुढच्या रविवारी शेजारच्या शेखरची रिक्षा पाठवतो, तुम्ही याच. कानाला कळलं नाही तरी पखवाजावर तळहात ठेवा, तुम्हाला सगळं कळेल. साईला भेटा, पण रडू नका. त्याला वेळ नाही, दहावं गाणं डोक्यात घोळतंय.

नवव्याच्या दोन ओळी लिहितो:
उडवीवरचं ऊन पाहा, हललं का ते जरा?
मीच गेलो तिकडून आत्ता, हाक तेवढी मारा.

देवळातून आलो, खोळ काढली. वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर चढवला. माधुरीने न सांगता कणीक मळून ताटलीत आणून ठेवली. साईने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या वेळी कोंबडी ओरडली, दुसऱ्या वेळी माझा ठेका चुकला. साई म्हणाला, "बाबा, सरळ वाजवा, मी हाय इथंच." तिसऱ्या वेळी गाणं संपेपर्यंत वाजवलं.

दोन्ही हात जोडून, बोटांना आजही कणीक लागलेला,
तुमचा नवसू