ऑर्व्हिलच्या पोटातली अंगठी

ससेक्स, इंग्लंड
१४ फेब्रुवारी १९४३

ती. क्रिस्टीताईस,
गुडघाभर चिखलातून सा. न. वि. वि.

ताई, घात झाला. एफीचा केक पोचला आणि माझ्या लग्नाचा निकाल ऑर्व्हिलच्या पोटात गेला.

नीट सांगतो. मी पत्रातून एफीला मागणी घातली होती. तिने कळवलं, की उत्तर केकमधून येईल, आपल्याकडे हॅलोवीनला करतात तसंच. अंगठी निघाली तर हो. बटण निघालं तर बस जन्मभर ब्रह्मचारी.

पण इथला दंडक असा, की कोणाच्याही घरचा डबा आला की तो अख्ख्या तुकडीचा. मी डब्याचा पत्रा कापतोय न कापतोय, तोवर आमच्याच तुकडीतल्या, सस्कॅचेवान प्रांताकडच्या ऑर्व्हिलने सुरी फिरवलीसुद्धा. मी ओरडलो, की सावकाश चावा रे, आत माझी बायको आहे! सगळे थबकले. एकटा ऑर्व्हिल थबकला नाही. त्याने घास गिळला आणि मग म्हणाला, की काहीतरी कडक लागलं खरं, पण सटकन खाली गेलं.

उरलेल्या केकचा भुगा करून पाहिला. मनुकांशिवाय काही नाही. म्हणजे जे काय होतं ते ऑर्व्हिलच्याच पोटात. पण अंगठी की बटण? त्याला हॅलोवीनचा रिवाज समजावून सांगितला, एरंडेल पाजलं, पहारे बसवले. पुढचं लिहीत नाही, तू जेवायला बसली असशील. हाती काही लागलं नाही एवढं खरं.

आम्हाला लवकरच लढाईवर धाडणार अशी कुजबुज आहे. उत्तर कळल्याशिवाय मला जायचं नाही गं. एफीला सरळ विचारलं, तर तिचं उत्तर मी दुसऱ्याला खाऊ घातलं हे तिला कळेल, आणि अंगठी असली तरी तिचं बटण होईल. तू हळूच काढून घे. बाबांना सांगू नकोस, गावभर करतील.

लोभ आहेच, त्यावर थोडं लोणी लावून पाठव.

तुझा भाऊ,
लॉकी


मॅबू, केप ब्रेटन
२१ मार्च १९४३

चि. लॉकीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

हळूच कसलं काढून घ्यायचं! एफी हल्ली आपल्या केप ब्रेटनमधल्याच सिडनीच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवते. रविवारी पँट घालूनच घरी आली. मी चहा ओतला, हवापाण्याचं काढलं, तर ती लगेच म्हणाली, की लॉकीने काय घोळ घातलाय ते सांग. मला खोटं जमत नाही, ओकले सगळं. एरंडेलापर्यंत आले तशी ती हसून हसून खुर्चीवरून घसरली. आणि मग एकदम रडायलाच लागली.

लॉकी, केकमध्ये काहीच नव्हतं रे.

अंगठी हातात घेऊन बसली होती बिचारी. केकमध्ये घालावी, तर वाटे की हो म्हटलं आणि तुला काही झालं तर? जानेवारीत शेजारच्या मॅकिसॅकांकडे मुलगा लढाईत गेल्याची तार आली, तेव्हापासून पोस्टमन दिसला तरी ती दार लावून घेते. बटण घालवेना, कारण ते धडधडीत खोटं झालं असतं. शेवटी नुसताच केक भाजला. तिला वाटलं, तू चिडून सरळ विचारशील. आणि तू, मेल्या, लोकांच्या पोटावर पहारे बसवतोस!

डोळे पुसून ती म्हणाली, की त्या गाढवाला कळव, माझं उत्तर हो. एवढं मोठं यंत्र चालवते, पण हे लिहायचं म्हटलं तर पेन धरवेना. म्हणून मी लिहिते. हो.

मग ऑर्व्हिलने गिळलं तरी काय?

मोजे पाठवलेत. साखर रेशनवर आहे, तेव्हा केक विसर. बाबांना मी सांगितलं नाही, पण ते दाराआड उभे होते, तेव्हा गावाला कळलंच आहे.

माया आहे तेवढीच आहे, पण आता ती तुम्हा दोघांत वाटली जाईल.

तुझी ताई,
क्रिस्टी


ससेक्स
३ मे १९४३

ती. ताईस,
या वेळचा नमस्कार उड्या मारत.

तुझं पत्र वाचत उभा होतो, त्या ‘हो’पाशी आलो आणि चिखलात फतकल मारून बसलो. रडलो, लपवू कशाला? एफीला सांग, भीती मलाही वाटते, पण आता ती निम्मी झाली.

ऑर्व्हिलने गिळली ती स्वतःचीच दाढ, म्हणजे दाढेवर लष्कराने बसवलेली धातूची टोपी. परवा दाढ ठणकायला लागली तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं, की टोपी गायब. ऑर्व्हिल म्हणतो, झोपेत पडली असेल.

ताई, त्याला खरं सांगायची आमची छाती होत नाही. ज्याच्या घासात अंगठी, त्याचं लग्न ठरलेलं, हे त्याने आपल्यापेक्षाही मनावर घेतलं. आणि अंगठी तर, त्याच्या मते, त्याच्याच पोटात! जन्मात बाईमाणसासमोर तोंड न उघडलेला हा बुजरा गडी त्या जोरावर नाक्यावरच्या पाववाल्या विधवेला, मिसेस पेलिंगला, मागणी घालून आला. आणि ती चक्क हो म्हणाली! साहेबांची परवानगी मिळाली, शनिवारी लग्न आहे. त्यानंतर आम्ही कुठे जाणार ते लिहायला बंदी आहे.

काल तो माझा हात धरून रडला. म्हणाला, की लॉकी, तुझ्या एफीची अंगठी मी चोरली रे, तिची माफी माग. मी त्याला म्हटलं, की राहू दे तुझ्याकडेच, तिने मला दुसरी ठेवली आहे.

तुझ्या लोभावरच जगतो आहे, त्यात खंड नको.

तुझा,
लॉकी