शार्दूल माझं ऐकतो

२ जानेवारी

ट्र्यीऽऽव, हुर्र! लहानपणी निलंग्याकडच्या आमच्या गावात पहाटे ही आरोळी यायची. मागून घंट्यांची किणकिण आणि मेंढ्यांच्या खुरांची सर. मी गोधडीत पडून ऐकायचो. धनगर ओरडला की त्याचा कुत्रा वाऱ्यासारखा सुटायचा. एका माणसाचं एवढं ऐकणारं कुणी असू शकतं, हे तेव्हाच मनात बसलं. पुढे जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. वर्गात असं कुणी भेटलं नाही. घरात तर नाहीच.

आता योग आला आहे. मुलगा श्रीशैल येळवशीच्या सणाला शेतात जेवायला पुण्याहून आला होता. जाताना कुत्रा ठेवून गेला. बॉर्डर कॉली. मेंढ्या वळणारी जात, हुशारीत पहिला नंबर. पुण्याच्या सोसायटीतली पोरं बागेच्या कोपऱ्यात गोळा करून बसवायचा, घरी जाऊ द्यायचा नाही, म्हणून तक्रारी झाल्या. नाव कूपर होतं. मी शार्दूल ठेवलं.

संकल्प: महिन्याभरात तो फक्त माझ्या शब्दावर चालेल.

३ जानेवारी

‘शार्दूल’ म्हटलं की हलत नाही. नावाला लय असते, ती अंगात भिनायला वेळ लागतो.

कानडी माहेरची माझी बायको पार्वतम्मा भाकरी थापता थापता म्हणाली, ‘ए कुप्या, बारो इल्ली!’ धावत गेला. मराठीच्या शिक्षकाच्या घरात कुत्रा कानडी शिकून राहिला! मी तिला तसं बोललो. म्हणाली, ‘तुमच्या मराठीनं कोण आलंय आजवर?’

उत्तर सुचलं होतं. तोवर ती परसात गेली.

९ जानेवारी

दुपारी काव्यवाचन. स्वतःचीच रचना घेतली:

‘हे मूक मित्रा, तव नेत्री दाटे
जन्मांतरीची ओळख वाटे’

मान तिरकी करून ऐकत होता. जाणकार श्रोता. दुसऱ्या कडव्याला उठून न्हाणीघरात गेला. करुणरस सोसला नाही. पार्वतम्मा म्हणते, तिथं गार असतं.

२१ जानेवारी

मोठा दिवस! डॉक्टरांनी साखरेमुळे बाहेरचं खाणं बंद केलंय, तरी चौकातल्या हॉटेलात बसलो होतो. चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन मिरची भज्यांकडे वळणार, इतक्यात शार्दूल दारात! एकटाच घरून मला शोधत आलेला. टेबलाला एक फेरी मारली, माझ्या पायाशी बसला आणि टक लावून पाहत राहिला. माझा विरह म्हणायचा हा. मी उठेना तेव्हा धोतराचा सोगा धरून ओढला. रस्ताभर मागे मागे होता. किराणा दुकानाकडे वळलो तर आडवा आला. एवढी माया!

शेजारी वैजनाथ, तहसीलमधून रिटायर झालेला, ओट्यावरून ओरडला, ‘काय सर, कुत्रं तुमाला वळून राहिलंय का तुमी कुत्र्याला?’

हेवा.

३० जानेवारी

हॉटेलात तीनदा, बसस्टँडवर एकदा, रसवंतीवर आज. कुठेही असो, शार्दूल हजर. निघताना पार्वतम्मा त्याला माझी टोपी हुंगवताना दिसली. माझ्याशिवाय करमत नाही म्हणून बिचाऱ्याची समजूत घालत असणार.

शिट्टीला अजून येत नाही. कवळीतून हवा जाते. दोष माझा नाही, दातांच्या डॉक्टरचा.

१६ फेब्रुवारी

घरी बायकांचं भजन होतं. शार्दूलनं सगळ्या जणींना देवघराच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवलं आणि दारात आडवा झाला. एकीला बाहेर जायचं होतं, तिलाही जाऊ देईना. मी मोठ्यानं हुकूम सोडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, उठला आणि मलाही कोपऱ्यात नेऊन बसवलं. शेवटी पार्वतम्मानं चुटकी वाजवली, तेव्हा सुटलो.

वैजनाथनं गल्लीभर सांगितलं. आता सिद्ध करून दाखवणं भाग आहे.

२ मार्च

योजना ठरली. हरभरा निघाला, रान मोकळं आहे. दरसालाप्रमाणे नागप्पा धनगर चार दिवस शेतात मेंढ्या बसवणार. लेंडीचं खत आपल्याला, धान्य त्याला. यंदा मी त्या रानात चालता चालता कोसळणार. शाळेच्या धड्यातला इमानी कुत्रा मालक पडला की भुंकत माणसं बोलावून आणतो. शार्दूलही आणेल. शार्दूलची करामत दाखवतो एवढंच सांगितलंय; वैजनाथ मोबाईलवर शूटिंग करेल, श्रीशैल व्हिडिओ कॉलवर पाहील. पडण्याचं नाटक आहे हे फक्त मला ठाऊक. पार्वतम्मा रडेल, त्याचं वाईट वाटतं. पण तिलाही कळू दे.

८ मार्च, दुपार

छातीवर हात ठेवून ढेकळांत पडलो. एक डोळा किलकिला. शार्दूल आला, तोंड हुंगलं, नजरेत करुणा होती. मग वळून धावला. मनात म्हटलं, निघाला माणसं आणायला!

मेंढ्या आणल्या.

अख्खा कळप गोल फिरवून माझ्यावर आणून उभा केला. अंगावरून खूर गेले. एका मेंढीनं तोंडाजवळच कार्यक्रम उरकला. दुसरीनं खिशातली कविता ओढून खाल्ली. सगळी नाही. दुसऱ्या कडव्याला सोडली. मी ओरडलो, पण मेंढ्यांच्या बें बेंमध्ये कुणाला ऐकू जाणार? उठू लागलो की शार्दूल गुरगुरून खाली बसवायचा. नागप्पा बांधावरून ओरडत होता, ‘वा रे पठ्ठ्या! एक बी सुटू दिलं न्हाई!’

कळप पांगल्यावर पार्वतम्माला विचारलं, मी पडलो तेव्हा तुला काय वाटलं? म्हणाली, ‘झोपले वाटलं. शाळेतबी झोपायचेच की.’

९ मार्च

वैजनाथनं व्हिडिओ माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर फोन वाजून राहिला. निरोप समारंभानंतर पहिल्यांदाच इतक्या जणांनी आठवण काढली. सगळे हसणारे चेहरे पाठवतात. गुरूला पाहून आनंद होतोच.

श्रीशैलचाही फोन आला. आईशी बोलला.

१२ मार्च

मेंढ्या धर्माबादकडे निघाल्या. शार्दूल वेशीपर्यंत पोचवायला गेला आहे. संध्याकाळपर्यंत येईल. शिष्टाचार असतो.

१३ मार्च

आला नाही. वाट चुकला असणार. सगळ्यात हुशार जात असली तरी रस्त्याला बोर्ड नाहीत.

१५ मार्च

नागप्पाला फोन लावला. म्हणाला, ‘मास्तर, म्या हाकलून राहिलो, त्यो जाईना. कळपामागं पळून पळून लई खुशीत हाय.’ मी खडसावलं, फोन त्याच्या कानाला लाव. मी गहिवरून पूर्ण कविता म्हटली. नागप्पा म्हणतो, शार्दूल उठला आणि कळपाच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसला.

आवाज ओळखला. भावना आवरल्या नसतील.

पार्वतम्माला म्हटलं, आता तू एकदा हाक मार. तुझी कानडी आज चालेल मला. तिनं फोन घेतला आणि नागप्पाला सांगितलं, ‘असू द्या तिकडंच. खरं काम मिळालंय त्याला. इथं एकाला हॉटेलातून वळून आणता आणता जीव गेला बिचाऱ्याचा.’

एकाला म्हणजे कुणाला? विचारलं पाहिजे.

२२ मार्च

आज नक्की येणार, असं आतून वाटतंय. अंगण झाडलं. नवा पट्टा आणला, त्यावर माझं नाव घातलं. भेटीसाठी नवी रचना तयार आहे, या वेळी कडवं एकच.

दाराची कडी वाजली. कुत्र्याच्या नखांचा आवाजही आला. पट्टा घेऊन धावलो.

दारात नागप्पा. मुलाच्या टेम्पोतून धर्माबादहून आलेला. हातात सुतळी, सुतळीला त्याचा स्वतःचा म्हातारा कुत्रा. केस झडलेला, मागचे पाय थरथरणारे. नागप्पा म्हणाला, ‘तुमचं ठिवून घेतलं, तर बदल्यात काय तरी द्याव म्हणलं. ह्याला आता मेंढ्यांमागं चालवत न्हाई. दात न्हाईत. अन् कानानं ठार बहिरं हाय, म्हणून खास तुमच्याकडंच आणलं, मास्तर.’

कुत्रा माझ्याजवळून आत गेला आणि माझ्या आरामखुर्चीखाली पडला.

नागप्पा ओट्यावर चहा पिऊन राहिला आहे. पार्वतम्मा आत गेली. दुधात भाकरी कुस्करून राहिली आहे. एकाच पातेल्यात, माझ्यापुरती आणि कुत्र्यापुरती.